हिरवळीचा हिशेब



मागच्या वेळी आपण घरखर्चाच्या वहीबद्दल बोललो. त्यानंतर करी रोडच्या एका ताईंचा निरोप आला, "घरातला हिशेब आम्ही चोख ठेवतो, पण सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल येतं त्यात कशाचे किती ते काही कळत नाही. नुसते भरतो." खरं आहे त्यांचं. म्हणून आज त्या बिलातली एकच ओळ घेते, 'उद्यान देखभाल'. आमच्या इमारतीत या ओळीतून थोडे पैसे वाचले आणि ते परळला उपचारासाठी आलेल्या कॅन्सरच्या पेशंटांपर्यंत गेले. कसे गेले, कुठे अडले आणि आमचं कुठे चुकलं, ते सगळं सांगते.

आधी आमची इमारत कशी आहे ते ऐका. लालबागला आमची चाळ होती, गिरणी कामगारांची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळ मागे राहिली, आणि मग काही वर्षांनी तीही पुनर्विकासात गेली. आता २२ मजली इमारत आहे, ९६ बिऱ्हाडं. चाळीत आमची बाग म्हणजे गॅलरीच्या कठड्याला तारेनं बांधलेला डालड्याचा डबा आणि त्यात तुळस. नव्या इमारतीत पार्किंगच्या मजल्यांवर मोठी गच्ची मिळाली आणि त्या गच्चीवर दोन हजार चौरस फूट हिरवळ. बिल्डरच्या भाषेत पोडियम गार्डन. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या बायका संध्याकाळी तिथे जाऊन बसलो होतो. दुसऱ्या महिन्यात पाटी लागली, 'गवतावर चालू नये'. आणि मग सात वर्षं त्या गवतावर खरंच कुणी चाललं नाही. माळीदादा सोडून.

आता हे गवत महाग का पडतं, ते समजून घेऊ. कारण सोपं आहे. ही कापलेली, गालिच्यासारखी हिरवळ इंग्लंडची. तिथे तिच्यासाठी यंत्रही निघालं, १८३० साली, गवत कापायचं पहिलं यंत्र. तिथली हवा थंड, आणि पाऊस वर्षभर थोडा थोडा पडत राहतो. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस होतो. मुंबईत दोन हजारांच्या वर. म्हणजे आपल्याकडे तिप्पट पाऊस, तर गवत आपल्याकडे जास्त सुखात असायला हवं ना? पण आपला सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन जातो. उरलेले आठ महिने कोरडे. त्या आठ महिन्यांत गवत हिरवं दिसायला हवं असेल तर पाऊस आपण पाडायचा, नळीनं.

त्यात गच्चीवरच्या गवताचं दुखणं वेगळं. खाली जमीन नाही, स्लॅब आहे. माती फूट-दीड फूट. जमिनीत पाणी खाली मुरतं आणि मुळांना पुढे दोन-चार दिवस पुरतं. इथे ते माती भिजवून खालच्या जाळीतून निघून जातं, जाताना घातलेलं खतही घेऊन जातं. वरून ऊन, खालून तापलेला स्लॅब. एप्रिलमध्ये दोन दिवस पाणी चुकलं की गवत पिवळं. पावसाळ्यात उलटं, जाळी तुंबली की पाणी साचतं आणि मुळं कुजतात. आणि या सगळ्यातून वाचलंच, तर भाद्रपदात आमचा गणपती त्याच गच्चीवर बसतो. दहा दिवस मांडवाखाली ऊन नाही, वरून माणसांची ये-जा. मांडव सुटला की खाली नुसता तपकिरी चौकोन. पाठोपाठ नवरात्रात गरबा. दिवाळीच्या आधी नवीन गवत विकत आणून अंथरायचं, हे दरवर्षीचं ठरलेलं.

यात एक गंमत आहे, ती सांगायलाच हवी. या गालिच्याच्या गवतात हरळी उगवायची. माळीदादा ती बोटांनी चिमटून काढून फेकायचे, कारण कमिटीला एकसारखं गवत हवं. हरळी म्हणजे आपली दूर्वा. परदेशात तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि कितीतरी मैदानांवर मुद्दाम तीच लावतात. आम्ही ती पैसे देऊन उपटत होतो, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादरच्या फूल मंडईत रांगेत उभं राहून तिचीच जुडी विकत आणत होतो!

तर खर्च. कमिटीकडे वर्षाचा हिशेब मागितला. सभासदाला तो मागता येतो, लाजायचं कारण नाही. माळीदादांचे महिन्याला ९,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १,०८,०००. दिवाळीआधीच्या नव्या गवताचे ४०,०००. खत, औषध, कापायच्या यंत्राचं पेट्रोल आणि दुरुस्ती मिळून १४,०००. पाण्याची मात्र वेगळी नोंदच नव्हती. पाणी सगळं एकाच टाकीतलं, मग गवताचं किती ते कोण सांगणार?

ते आम्ही मोजलं. तुम्हालाही मोजता येईल. १५ लिटरची बादली घ्यायची, बागेच्या नळीखाली धरायची आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर बघायचं. आमची ४० सेकंदांत भरली. माळीदादा रोज पाऊण तास पाणी घालतात. पाऊण तासाचे सेकंद २,७००. त्यांना ४० नं भागलं तर साडेसदुसष्ट बादल्या, म्हणजे एक हजार लिटरला थोडं वर. हा आकडा अंदाजपंचे वाटू नये म्हणून दुसऱ्या बाजूनंही पडताळला. उन्हाळी हवेत गवताला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरतात. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. दोन हजार चौरस फूट म्हणजे १८६ चौरस मीटर. पाच पट केली की ९३० लिटर. म्हणजे बादलीनं खोटं सांगितलं नव्हतं.

रोज हजार लिटर. घरगुती वापरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं असा सरकारी मापदंड आहे. त्या हिशेबानं आमचं गवत रोज सात माणसांचं पाणी पीत होतं. कोरड्या आठ महिन्यांत २४० दिवस धरले तर दोन लाख चाळीस हजार लिटर, दहा हजारांचे २४ टँकर. आम्ही टँकर मागवतोच, पालिकेचं पाणी उन्हाळ्यात पुरत नाही म्हणून. मागच्या बिलात एक टँकर ३,००० चा होता. म्हणजे ७२,००० रुपयांचं पाणी. सगळं मिळून वर्षाला २,३४,००० रुपये, बिऱ्हाडामागे महिन्याला २०३. ज्यावर चालायचं नाही त्या गवतासाठी.

आणि हे पाणी येतं कुठून, तर तानसा आणि भातसा ही आपल्या दोन्ही धरणांची ठिकाणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. आपलं गवत वाळवलं म्हणून तिच्या हंड्यात पाणी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण नळी हातात घेताना ती मला आठवते, त्याला मी काय करू?

आता दुसरी बाजू. माझं माहेर संगमेश्वरकडचं. तिथल्या एका वहिनीचा फोन आला, भावोजींच्या गळ्यात गाठ निघाली, टाटाला दाखवायला आणतेय, चार दिवस राहू का. राहा म्हटलं. तीनशे चौरस फुटांच्या घरात आम्ही पाच, आणि हे दोघं. टाटा मेमोरियल हॉस्पिटल परळला १९४१ सालापासून आहे, आमच्या घरापासून चालत पंचवीस मिनिटं. त्या फुटपाथवरून मी शेकडो वेळा गेले असेन. निळी ताडपत्री, स्टोव्ह, फायलींच्या पिशव्या उशाला घेऊन झोपलेली माणसं, हे सगळं रोजच बघून बघून दिसेनासं झालं होतं. वहिनीबरोबर गेले तेव्हा दिसलं.

चार दिवसांचे सहा आठवडे झाले. किरणोपचार रोज असतात, पाच-दहा मिनिटांचेच, पण रोज. कोकणातून रोज येऊन-जाऊन ते होत नाहीत. म्हणून मुक्काम. वहिनीनं एका जुन्या डायरीत खर्च लिहिला होता, कारण ती आमच्यासारखीच बचत गटातली, गावाकडच्या. ती डायरी मी वाचली. औषधोपचारांना सवलत मिळाली होती, योजनेतून बरंच सुटलं होतं. वही भरली होती ती चहा, राइसप्लेट, रिक्षा आणि शौचालयाच्या पैशांनी. पुढे भावोजींना गिळता येईना, तेव्हा पातळ जेवण कुठे मिळेल म्हणून तिनं किती दारं वाजवली. उपचार परवडला, मुक्काम परवडेना. आजारपणाचा हा भाग आपल्याला कुणी सांगत नाही.

त्याच महिन्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. गवत बदलायच्या ४०,००० च्या मंजुरीचा विषय पुढे होता. मी आयुष्यात पहिल्यांदा सभेत हात वर केला आणि म्हटलं, हे गवत कमी करूया, आणि वाचतील ते पैसे परळच्या पेशंटांच्या राहण्याजेवणाला देऊया.

सभेत काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. एक काका म्हणाले, "दान करायचं तर आपल्या खिशातून करावं. सोसायटीचं गवत काढून कशाला?" दुसरे म्हणाले, "हे जेवण शेवटी तुमच्याच गटाकडून घ्यायचं असेल ना?" मला फार लागलं तेव्हा. आमच्या गटाचा पोळी-भाजीचा डब्यांचा धंदा आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. घरी येऊन विचार केला आणि वाटलं, प्रश्न रास्त आहे. जिथे आपण पैसे द्या म्हणतो तिथे आपला धंदा असता कामा नये. दुसऱ्या दिवशी लिहून दिलं की आमचा गट या कामाचा एकही डबा विकणार नाही. गटातल्या दोघी रुसल्या. त्यांचंही चुकलं नाही, त्यांना काम हवं होतं.

पण सभेपेक्षा मोठा प्रश्न खाली जिन्याजवळ भेटला. माळीदादा. "ताई, गवत गेलं म्हणजे मीपण गेलो का?"

हे मी तुम्हाला ठासून सांगते. बागेच्या खर्चात निम्म्याला थोडा कमी भाग माळ्याच्या पगाराचा असतो, आणि बचत करायची म्हटलं की कुऱ्हाड आधी तिथेच पडते, कारण सगळ्यात सोपं तेच. चार इमारतींत राबून घर चालवणाऱ्या माणसाचे नऊ हजार कापायचे आणि तेच दुसऱ्या गरिबाला दान म्हणून द्यायचे, याला दान म्हणवत नाही. आमच्या ठरावात पहिलं वाक्य माळीदादांचा पगार कायम राहील हे घातलं. मग उरलेल्या १,२६,००० मधून किती सुटतं ते बघायला बसलो.

कामाची गोष्ट आता. सगळं गवत काढलं नाही. पाचशे चौरस फूट ठेवलं, रांगणाऱ्या मुलांसाठी, आणि पाटी काढून टाकली. सहाशे फुटांवर जुन्या फरश्या बसवून बाकं टाकली, गणपतीचा मांडव आता तिथेच पडतो. उरलेल्या नऊशे फुटांत वाफे केले. जास्वंद, अबोली, सदाफुली, कढीपत्ता, गवती चहा, कोरफड, तुळस, आणि एक वाफा दूर्वांचा. ही झाडं आपल्या उन्हाची. त्यांच्या बुंध्याशी वाळला पाला आणि नारळाच्या शेंड्या पसरल्या की माती झाकली जाते, पाणी उडत नाही, आणि दिवसाआड पाणी पुरतं. मोठं झाड लावायचा मोह होतो, पण स्लॅबवर लावू नका. वड-पिंपळाची मुळं तर स्लॅब फोडून पार्किंगमध्ये उतरतील.

ज्यांना हिरवळ हवीच आहे त्यांनाही खर्च कमी करता येतो. गवत अगदी बुडातून कापायचं नाही, दोन इंच ठेवायचं. उंच गवत आपल्याच सावलीनं माती गार ठेवतं. कापलेलं गवत गोळा करून कचऱ्यात घालायचं नाही, तिथेच पसरू द्यायचं, ते कुजून खत होतं. पाणी पहाटे घालायचं, भर उन्हात नाही. आणि एप्रिल-मेमध्ये थोडं पिवळं पडलं तर पडू द्यायचं. हरळी तर वाळल्यासारखी दिसते आणि पहिल्या सरीला पुन्हा उठते. पिवळं गवत बघून जीव तुटतो तो आपला, गवताचा नाही.

वर्षाअखेर हिशेब असा झाला. पाणी साठ टक्क्यांनी कमी, १४ टँकर वाचले, ४२,०००. नवं गवत दहा हजारांत भागलं, ३०,००० सुटले. खत-औषध-यंत्रात ९,०००. एकूण ८१,०००. बिऱ्हाडामागे महिन्याला ७० रुपये.

आणि इथेच आमचं चुकलं. मी उत्साहात सगळ्यांना ८१,००० हा आकडा सांगत सुटले होते. फरशी, माती, रोपं, मजुरी यांचे ५५,००० मी मनातून पुसूनच टाकले होते. पहिल्या वर्षी हातात उरले २६,०००. तेही दान करता येईनात. सोसायटीच्या सचिवांनी समजावलं आणि त्यांचं बरोबर होतं. मेंटेनन्स म्हणून गोळा केलेले पैसे कमिटीला वाटेल तिथे देता येत नाहीत. सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्यात धर्मादाय कामासाठी रक्कम देता येते, पण ती निव्वळ नफ्यातून, जास्तीत जास्त २० टक्के, आणि मंजुरी घेऊन. आता गृहनिर्माण सोसायटीला कसला आलाय नफा? शिवाय ज्याला द्यायचं नाही त्याच्याकडून बिलातून दान वसूल करणं हेही बरं नाही. ते खिशातून म्हणणारे काका शेवटी बरोबरच ठरले, हे मी त्यांना जाऊन सांगितलं.

म्हणजे पहिलं वर्ष दानाच्या खात्यात शून्य. ज्यांनी मला सभेत पाठिंबा दिला होता त्या वहिन्या लिफ्टमध्ये भेटल्या की विचारायच्या, "काय झालं गं त्या पैशांचं?"

दुसऱ्या वर्षी रस्ता काढला. सोसायटीनं बिल ७० रुपयांनी कमी केलं, बस्स. पुढे ते ७० ज्याचे त्यानं द्यायचे. पहिले तीन महिने नऊ बिऱ्हाडांनी दिले. बाकीच्यांना द्यायचे नव्हते असं नाही, बिल कमी झालेलं कळलंच नाही. सत्तर रुपये कुठे जातात? अर्धा डझन केळी आणि कोथिंबिरीची जुडी. वाचलेला पैसा त्याच दिवशी बाजूला काढला नाही तर तो वाचतच नाही, हे बचत गटात आपण पहिल्या बैठकीत शिकतो. मी वीस गटांना ते शिकवते आणि स्वतःच्या इमारतीत विसरले होते. मग गटासारखाच दिवस ठरवला, महिन्याची दहा तारीख. त्या दिवशी सकाळी जिन्याजवळ वही असते. दिले असतील त्यानं खोली नंबरसमोर खूण करायची. रक्कम लिहायची नाही, आणि खूण नसेल तर कुणी विचारायचं नाही.

पैसे आम्ही गोळा करत नाही. आधी डबा ठेवायचा विचार होता, पण सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणपती मंडळं घेतात ती. म्हणून प्रत्येकानं आपले पैसे थेट संस्थेच्या खात्यात भरायचे. कुठल्या संस्थेला, ते ज्याचं त्यानं ठरवावं. परळला नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून रुग्णांची आणि नातेवाइकांची सोय करते. दादर पूर्वेला दादासाहेब फाळके मार्गावर गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे मुख्यतः बाहेरगावचे कॅन्सरचे पेशंट उतरतात. गाडगेबाबांनी स्वतः जे.जे. हॉस्पिटलजवळ पेशंटांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली होती. कर्ज काढून लग्नं-जेवणावळी करू नका, ते पैसे गरजूला द्या, हे ते कीर्तनात सांगत आणि हातात झाडू घेऊन करून दाखवत. आमची वहिनी शेवटी अशाच एका ठिकाणी राहिली, म्हणून मी त्या बाजूला झुकते, हे आधीच सांगून टाकते.

संस्था कुठलीही असो, नोंदणी क्रमांक विचारा, पावती मागा, मागच्या वर्षीचा तपासलेला हिशेब दाखवतात का बघा. चांगली संस्था याचा राग धरत नाही. आयकरात सूट हवी असेल तर ८०जी चं प्रमाणपत्र असलेली संस्था लागते, दोन हजारांच्या वरची रक्कम रोख द्यायची नाही, आणि तुम्ही नवी करपद्धत घेतली असेल तर ही सूट मिळत नाही. आणि जुन्या साड्या-चादरी घेऊन जाण्याआधी एक फोन करा. तिथे जागा पेशंटांना पुरत नाही, आपली गाठोडी कुठे ठेवणार?

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न. गवतावर एवढं बोलतेस, मग गणपतीच्या लाइटिंगचं काय, लग्नाच्या हॉलचं काय? आमच्या इमारतीचा दहा दिवसांचा मांडव आणि रोषणाईचा खर्च गवताच्या वर्षाच्या खर्चापेक्षा जास्त आहे. तो विषय मी सभेत काढला नाही. धीर झाला नाही, खरं सांगायचं तर. पण तेही अशक्य नाही. १९३४ पासून बसणाऱ्या आमच्या लालबागच्या राजाच्या मंडळानं २०२० साली करोनात मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरं घेतली. अख्ख्या लालबागनं ते मान्य केलं. गवतापासून सुरुवात केली कारण गवताशी कुणाची श्रद्धा जोडलेली नव्हती, बघायला बरं वाटतं एवढंच होतं.

बघायला बरं वाटणं हे छोटं कारण आहे असंही समजू नका. अमेरिकेतल्या हिरवळीचा अंदाज २००५ साली नासाच्या एका संशोधिकेनं उपग्रहाच्या चित्रांच्या मदतीनं मांडला होता. सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर. आपला अर्धा महाराष्ट्र भरून वर उरेल इतकं गवत, तिथलं पाणी द्यावं लागणारं सगळ्यात मोठं पीक, आणि खायचं कुणीच नाही.

आमच्याकडे सध्या ९६ पैकी ५८ खोल्यांसमोर खूण होते. प्रत्येकी ७० धरले तर महिन्याला ४,०६०. आमच्या गटाच्या डब्याचा कच्चा खर्च ४० रुपये येतो, त्या मापानं शंभर जेवणं. टाटाच्या फुटपाथवरून जाताना ही शंभर जेवणं कुठे दिसत नाहीत, माणसं तेवढीच असतात. एका वहिनींनी ते मला ऐकवलंही. मी म्हटलं, हो, दिसत नाहीत.

ज्या आजींना मोबाइलवरून पैसे पाठवता येत नाहीत त्यांना आम्ही तीन महिन्यांतून एकदा दादरला घेऊन जातो. प्रत्येकीच्या रुमालात २१० रुपये. त्या खिडकीवर स्वतः पैसे भरतात, पावती स्वतःच्या नावाची घेतात, आणि मग वऱ्हांड्यातल्या बायकांशी गाव कुठलं, काय झालंय, जेवण जातं का, असं तासभर बोलत बसतात. परत निघायला तयार नसतात. पुढची खेप दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी आहे. आसपासच्या इमारतीतल्या कुणाला यायचं असेल तर सकाळी दहाला भारतमाताच्या बसस्टॉपवर या. सुटे पैसे आणा, खिडकीवर मोड नसते.